लाँग रेनवर आडवी पावलं: जमिनीवरून घोडा शिकवताना

घोड्यावर बसलेल्या माणसाला घोड्याचे मागचे पाय दिसत नाहीत. ते बैठकीतून जाणवतात आणि ती जाणीव यायला वर्षं जातात. लाँग रेन, म्हणजे घोड्याच्या तोंडापासून मागे येणारे दोन लांब लगाम, हातात घेऊन मागून चालणाऱ्याला मात्र प्रत्येक टाप समोर दिसते: कुठला पाय कधी उचलला, किती पुढे पडला, पोटाखाली आला की नुसता बाजूला फेकला गेला. लेग यील्ड, शोल्डर-इन, ट्रॅव्हर्स या आडव्या चाली जमिनीवरून शिकवायच्या त्या याच कारणासाठी. पाठीवर वजन नाही, त्यामुळे घोड्याला तोल सांभाळणं सोपं जातं. आणि तुमचं मागणं योग्य क्षणी पोहोचलं की नाही, ते पुढच्याच पावलात कळतं.

ठाण्यात आणि नवी मुंबईत हे काम शिकवणारे फार कमी. इथले घोडे बहुतेक तीन वाटांनी आलेले असतात. कुणी रेसकोर्सवरून निवृत्त झालेला थरोब्रेड, कुणी वरातीची मारवाडी किंवा काठियावाडी घोडी, तर कुणी रायडिंग शिकवायला आणलेला मिश्र जातीचा शांत घोडा. तिघांनाही हे काम जमतं. सुरुवात मात्र तिघांची वेगळी असते. ते पुढे त्या-त्या ठिकाणी येईलच.

सामान

गोलावर काम करायला सात ते आठ मीटरचे दोन लगाम लागतात. पण आडव्या चालींसाठी तुम्ही घोड्याच्या अगदी जवळ असता, तिथे तेवढी लांबी पायात येते. पंधरा-सोळा हँड उंचीच्या (एक हँड म्हणजे चार इंच) घोड्याला प्रत्येकी सुमारे चार मीटर पुरतात. मोजायचं असं: शेपटीच्या मागे हातभर अंतरावर उभं राहा, कोपरं अंगाशी, लगाम तोंडापासून रोलरच्या, म्हणजे पाठ आणि पोटाभोवती बांधायच्या रुंद पट्ट्याच्या, कड्यांतून मागे घ्या. हातात आल्यावर साधारण एक मीटर शिल्लक राहिला म्हणजे बरोबर.

लगाम सुती निवारीच्या पट्टीचे करून घ्या, रुंदी अडीच सेंटिमीटर. खोगीर शिवणारा कारागीर ते सहज शिवून देतो. पुढचा दीड-दोन मीटर भाग गोल वळलेल्या सुती दोरीचा ठेवला तर कड्यांतून अडखळत नाही. नायलॉन नको. घोडा अचानक ओढ घेतो तेव्हा नायलॉन तळहात भाजतो, आणि पावसात हातात धरवत नाही. टोकाला पितळेचा जड हुक असेल तर त्याचं वजन दर पावलाला ओठांच्या कोपऱ्यावर झुलत राहतं. घोडा ते मागणं समजतो आणि काही दिवसांनी मागणंच ऐकेनासा होतो. साधं बक्कल बरं. दोन्ही लगामांची मागची टोकं एकमेकांना कधीही जोडू नका. जोडली तर जमिनीवर फास तयार होतो आणि तुमचा पाय त्यात असतो.

रोलर घट्ट बसणारा हवा, त्याखाली जाड नमदा. दोन्ही बाजूंना किमान दोन उंचींवर कड्या असाव्यात. शिकणाऱ्या घोड्याला कुशीच्या उंचीवरच्या कडीतून लगाम घ्या, म्हणजे तो कुशीवरून सरळ मागे येतो आणि हॉकच्या, म्हणजे मागच्या पायाच्या मधल्या सांध्याच्या, खाली घसरत नाही. रोलर नसेल तर खोगीर चालतं. रिकिबी खाली सोडा, पोटाखालून एका पट्ट्याने एकमेकींना बांधा आणि लगाम रिकिबीतून न्या. न बांधलेल्या रिकिबी झुलतात आणि लगाम वर-खाली उडवतात.

तोंडात साधा स्नॅफल, म्हणजे दोन्ही टोकांना कड्या असलेली धातूची मुखपट्टी. पहिले आठ-दहा दिवस तेही नको: केव्हसनच्या (नाकावर कड्या असलेल्या जाड मोहरकीच्या) बाजूच्या कड्यांना किंवा नीट बसणाऱ्या मोहरकीला लगाम लावा. सुरुवातीच्या चुका तुमच्या असणार, त्याची किंमत घोड्याच्या तोंडाने मोजू नये.

चारही पायांना बूट किंवा बँडेज बांधा. आडवी पावलं टाकताना एक पाय दुसऱ्याच्या पुढून कात्रीसारखा जातो आणि नवशिका घोडा स्वतःच्याच नळीवर टाप मारून घेतो. एकदा लागलं की तो पाय ओलांडायला कचरतो, आणि तुम्हाला वाटतं की त्याला समजत नाही. तुमच्यासाठी हेल्मेट, हातमोजे, घोट्यापर्यंतचे बंद बूट. चप्पल किंवा फ्लोटर घालून हे काम करायचं नाही. सव्वा मीटरचा, टोकाला न लवणारा चाबूक. तो इथे फक्त बोटासारखा वापरायचा आहे.

लगामाचा उरलेला भाग तळहातात सपाट घड्या घालून धरा. हाताला, मनगटाला गुंडाळायचा नाही. घड्या सुटतात, गुंडाळलेला लगाम माणसाला ओढून नेतो.

उभं कुठे राहायचं

घोड्याची मागची लाथ साधारण दोन मीटरपर्यंत पूर्ण जोराने पोहोचते. म्हणून दोनच जागा सुरक्षित. एक तर तीन मीटरहून लांब, नाहीतर पुठ्ठ्याला, म्हणजे घोड्याच्या मागच्या मांसल भागाला, जवळजवळ टेकून, जिथे लाथेला वेग घ्यायला जागाच मिळत नाही. मधलं अंतर सगळ्यात वाईट, आणि नवखा माणूस भीतीपोटी नेमका तिथेच उभा राहतो.

व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्ये लिपिझानर घोड्यांचे शिक्षक पुठ्ठ्याला लागून चालतात, ती याच जवळच्या जागेची परिपूर्ण अवस्था. तिथवर पोचायला घोडा आधी ओळखीचा, विश्वासाचा व्हावा लागतो. पहिल्या दोन आठवड्यांत लांब राहूनच काम करा. या टप्प्यावर सात-आठ मीटरचे लगामच वापरा. घोडा शांत झाला की आतल्या पुठ्ठ्याच्या मागे, एका बाजूला, हातभर अंतरावर या. ठीक शेपटीच्या मागे नाही; तिथे तुम्ही त्याच्या दोन्ही डोळ्यांना दिसत नाही.

इथे एक शब्द पक्का करून घेऊ, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. 'आतली' बाजू म्हणजे घोडा ज्या बाजूला वाकलेला आहे ती. कुंपण कुठे आहे याच्याशी तिचा संबंध नाही.

आधीची तयारी

ज्या घोड्याला मागच्या पायाला दोरी लागलेली सहन होत नाही त्याला लाँग रेन लावणं धोक्याचं आहे. साईसाला, म्हणजे घोडा सांभाळणाऱ्याला, पुढे उभं करा, मोहरकी त्याच्या हातात. तुम्ही खांद्याजवळ उभे राहून मऊ सुती दोरी पाठीवरून, कुशीवरून, पुठ्ठ्यावरून, मग हॉकच्या वर आणि शेवटी हॉकच्या खाली हळूहळू फिरवा. घोडा अंग आवळतो तिथे दोरी काढू नका, आणि पुढेही सरकवू नका. तिथेच ठेवा, तो श्वास सोडेपर्यंत. काढून घेतली तर अंग आवळल्यावर दोरी जाते हे तो शिकतो. दोन्ही बाजूंनी, रोज दहा मिनिटं, तीन-चार दिवस. काही घोड्यांना दोन आठवडे लागतात, तेवढे द्या.

शेपटीखाली लगाम अडकणं हा सगळ्यांच्या वाट्याला येणारा प्रसंग. घोडा शेपटी घट्ट दाबतो, पाठ कमान करतो. त्या वेळी ओढायचं नाही. त्या बाजूचा लगाम पूर्ण सैल सोडा, शांत आवाजात थांबवा, साईस डोक्याशी येईपर्यंत हलू नका. मग बाजूने जाऊन शेपटी मुळापाशी हाताने उचला आणि लगाम खाली पडू द्या. ओढलात तर दोरी त्या नाजूक कातडीवर घासते आणि पुढची लाथ तुमच्या नावाची असते.

आवाजाचे शब्द चार पुरतात: चल, दुडकी, हळू, थांब. तबेल्यात साईस हिंदीत बोलतात आणि मालक मराठीत किंवा इंग्रजीत, हे इथे रोजचं. भाषा कुठलीही ठेवा, पण घोड्याशी बोलणाऱ्या सगळ्यांनी एकच शब्द वापरा, तोही त्याच सुरात. 'थांब' लांब आणि उतरत्या सुरात, 'चल' तुटक आणि चढत्या.

आता सरळ चालवणं. कुंपणाच्या कडेने, मग कडेपासून दोन मीटर आत, जिथे कुंपणाचा आधार नाही. दहा मीटरचे गोल, नागमोडी वळणं, थांबणं, पुन्हा चालणं. आवाज आणि बाहेरच्या लगामाचा हलका दाब एवढ्यावर घोडा दोन-तीन पावलांत थांबत नसेल तर आडव्या चालीकडे जाऊ नका. रेसकोर्सवरून आलेला घोडा इथे हमखास उलटं करतो: लगाम ताणला की तो त्यावर टेकून आणखी पुढे जातो, कारण त्याला तसंच शिकवलेलं असतं. त्याला ताणून थांबवण्यात अर्थ नाही. आवळा-सोडा, आवळा-सोडा, दर पावलाला एकदा, आणि आवाज आधी. त्याच्यावर या टप्प्यात तीन-चार आठवडे गेले तरी ते वाया जात नाहीत.

पाय पाहायला शिकणं

चालताना घोड्याचे पाय ठरलेल्या क्रमाने पडतात: डावा मागचा, डावा पुढचा, उजवा मागचा, उजवा पुढचा. चार ठोके, सारख्या अंतराने. डावा मागचा पाय उचलून पुढे येतो तेव्हा पोट उजवीकडे झुकतं, कारण त्या पायाला जागा हवी असते. मागून पाहिलं की पोट लंबकासारखं डावीकडे-उजवीकडे हलताना स्वच्छ दिसतं.

हवेत असलेल्या पायालाच दिशा बदलता येते. जमिनीवर टेकलेल्या पायावर घोड्याचं वजन असतं. त्या क्षणी तुम्ही कितीही मागा, तो तो पाय हलवू शकत नाही. मागणं उशिरा पोहोचलं तर घोडा गोंधळतो, मान वर करतो किंवा थांबतो, आणि त्याला हट्टी ठरवलं जातं. म्हणून पहिले दोन दिवस काही मागू नका. मागून चाला आणि डावा मागचा पाय जमीन सोडतो त्या प्रत्येक वेळी तोंडाने 'आता' म्हणा. रिंगणाच्या दहा फेऱ्या. मग उजव्या पायासाठी दहा. 'आता' आणि पाय न चुकता जुळू लागले, तरच लगामाच्या हालचालीला त्या शब्दाच्या जागी आणा.

लेग यील्ड

लेग यील्ड म्हणजे घोड्याने पुढे चालता चालता आतल्या बाजूपासून दूर, तिरपं सरकणं. कुंपण उजवीकडे आहे असं धरू; घोडा तिकडे सरकणार. तुम्ही कुंपणापासून तीन मीटर आत सरळ चालत आहात. आतली बाजू डावी. डाव्या लगामाने घोड्याची मान इतकीच वळवा की डाव्या डोळ्याची कड आणि नाकपुडीचा काठ तुम्हाला दिसेल. त्याहून जास्त नाही. लेग यील्डमध्ये शरीर सरळ असतं, वाकतो तो फक्त कानामागचा भाग. तुम्ही डाव्या पुठ्ठ्याच्या मागे. डावा मागचा पाय उचलला गेला की डावा लगाम कुशीवर हलकेच टेकवा, लगेच सोडा. समजलं नाही तर पुढच्या वेळी रोलरच्या मागे, स्वाराची पोटरी जिथे लागते तिथे, चाबकाच्या टोकाने स्पर्श करा. मार नाही, स्पर्श.

उजवा लगाम हा तुमचा खरा लगाम. तो हातात जिवंत असला पाहिजे, ताणलेला नाही आणि लोंबणाराही नाही. कुंपण घोड्याला ओढतं, त्यामुळे खांदा पळत कुंपणाला जाऊन भिडतो आणि पुठ्ठा मागे रेंगाळतो. उजवा लगाम खांद्याला म्हणतो, थांब, मागच्याला येऊ दे. पुठ्ठा पुढे निघून गेला तर उलट करा: चाबूक थांबवा, दोन पावलं सरळ पुढे चाला, मग पुन्हा मागा. घोडा कुंपणाला जवळजवळ समांतर हवा, खांदा केसभर पुढे.

तुम्हीही तिरपं चालायचं आहे. तुम्ही जागेवर सरळ चालत राहिलात तर तुमचे हात आपोआप डावीकडे ओढले जातात आणि घोड्याला एकाच वेळी 'उजवीकडे जा' आणि 'डावीकडे ये' असे दोन निरोप मिळतात. लहान पावलं टाका, घोड्याच्या मागच्या पायांच्या ठोक्यात.

तीन-चार आडवी पावलं मिळाली की सरळ पुढे. शाबासकी म्हणजे लगाम सैल होणं आणि आवाज. गाजर द्यायचं तर थांबवून साईसाच्या हातून. तुम्ही पुढे जाऊन दिलंत तर घोडा काम सोडून तुमच्याकडे वळायला शिकतो आणि दोन्ही लगाम त्याच्या पायात येतात.

वरातीच्या घोडीबाबत इथे सावध राहा. तिला नाच शिकवताना पायाला छडीचा स्पर्श केलेला असतो, आणि त्या स्पर्शाचा तिच्यासाठी अर्थ 'पाय उचल आणि जागेवर आपट' असा आहे. तुम्ही हॉकला चाबूक लावलात की ती बाजूला सरकण्याऐवजी नाचू लागेल. ती चुकत नाहीये, शिकवलं तेच करते आहे. तिला पायावर कधीही स्पर्श करू नका. फक्त कुशीवर, आणि सुरुवातीला चाबकाऐवजी लगामाची पट्टीच वापरा.

शोल्डर-इन

अठराव्या शतकातल्या फ्रेंच अश्वविद्येत ला गेरिनिएर यांनी या चालीला आजचं रूप दिलं. तिचा फायदा सोप्या शब्दांत असा: आतला मागचा पाय शरीराच्या वजनाखाली येतो, त्याचे सांधे दुमडतात, खांदे हलके होतात. बाकीच्या आडव्या चाली हिच्यावर उभ्या आहेत, म्हणून सगळ्यात जास्त वेळ हिला द्या.

घोड्याचे खांदे कुंपणापासून आत येतात, पुठ्ठा कुंपणाच्या वाटेवर राहतो, शरीर आतल्या बाजूला वाकलेलं, आणि चाल त्या वाकाच्या उलट दिशेला. कोन साधारण 30 अंश. पावलांच्या तीन ओळी पडतात: बाहेरच्या मागच्या पायाची एक, आतला मागचा आणि बाहेरचा पुढचा या दोघांची मिळून एक, आणि आतल्या पुढच्या पायाची तिसरी.

मागून या ओळी मोजता येत नाहीत. कुंपणालगतची दोन मीटर रुंदीची पट्टी काम सुरू करण्याआधी दाताळ्याने सपाट करा, एकदा घोडा नेऊन आणा आणि थांबवून ठसे पाहा. पाऊस पडून गेल्यावर ओली रेती ठसे फार सुंदर धरते. साईस पुढच्या टोकाला उभा असेल तर त्याला विचारा, 'दादा, पाय किती दिसतात?' समोरून तीनच दिसले पाहिजेत. दोनच दिसले तर घोडा सरळ आहे, चार दिसले तर कोन फार झाला.

करायचं असं. कुंपण उजवीकडे, आतली बाजू डावी. कोपऱ्यात आठ ते दहा मीटरचा डावा गोल घ्या. गोलावर घोडा जसा वाकतो, तोच वाक आपल्याला पुढे न्यायचा आहे. गोल पूर्ण करून दुसऱ्या गोलाचं पहिलं पाऊल टाकायला खांदे कुंपणापासून सुटले की त्याच क्षणी उजव्या लगामाने हलका थांबा द्या. गोल नको, एवढंच तो सांगतो. लगेच डावा मागचा पाय उचलला जाताना डाव्या कुशीवर स्पर्श. आणि तुमची बेंबी कुंपणाला समांतर, सरळ पुढे, घोड्याचं तोंड वळलंय तिकडे नाही. ही शेवटची गोष्ट लहान वाटते, पण घोडा तुमच्या शरीराच्या रोखाकडे लगामाइतकंच लक्ष देतो. तुम्ही डावीकडे वळलात की तो गोलावर निघून जातो.

तीन पावलं. मग डावा लगाम सैल करून घोड्याला पुढे गोलावर जाऊ द्या. सुरुवातीच्या आठवड्यांत चाल संपवायची ती नेहमी गोलावर. खांदे परत कुंपणावर आणून सरळ करणं कठीण असतं, ते नंतर. गोल ही पुढे जाण्याची मोकळीक आहे, आणि घोडा आडव्या चालीनंतर पुढे जाण्याची वाट पाहू लागला की अर्धं काम झालं.

सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे नुसती मान वळवणं. डावा लगाम ओढला की मान डावीकडे येते, खांदे मात्र जागचे हलत नाहीत. बाहेरून पाहणाऱ्याला वाकलेला घोडा दिसतो. मान वळली म्हणजे घोडा वाकला असं नाही. ठसे बघितले की दोनच ओळी. तपासायची आणखी एक पद्धत: चाल सुरू असताना आतला लगाम दोन पावलं पूर्ण सैल सोडा. घोडा तसाच वाकलेला राहिला तर काम खरं. मान लगेच सरळ झाली तर तुम्ही त्याला धरून ठेवलं होतं.

दुसरी खूण कानांची. दोन्ही कान एका पातळीत हवेत. एक कान खाली गेला, नाक बाजूला झुकलं, म्हणजे आतल्या लगामाचा जोर जास्त आहे आणि घोडा मानेत पीळ घेऊन त्यातून सुटतो आहे. हात सैल करा आणि बाहेरचा लगाम मानेशी टेकवा.

घोडा थांबत असेल तर बहुतेक वेळा दोन्ही हात एकदम आवळलेले असतात. पळत असेल, पावलं आखूड आणि घाईची पडत असतील, तर तुम्ही कोन जास्त मागितला आहे. तोल सांभाळायला तो घाई करतो. दोन्हीवर इलाज एकच: कोन कमी करा, पुढे चालवा, लय परत आली की पुन्हा मागा. चार ओळींचा मोठा कोन दिसायला भारी असला तरी उपयोगाचा नाही. आतला पाय तेव्हा वजनाखाली न येता नुसता ओलांडून निघून जातो आणि सगळा भार बाहेरच्या खांद्यावर पडतो.

घोडा वळून तुमच्याकडे तोंड करू लागला तर तुम्ही पुठ्ठ्याच्या पुढे आला आहात. एक पाऊल मागे.

प्रत्येक घोड्याची एक बाजू सोपी असते आणि एक अवघड. अवघड बाजूने सुरुवात आणि शेवट करू नका. सोपी, अवघड, सोपी असा क्रम ठेवा आणि अवघड बाजूला कमी पावलं मागा. एका वेळी तीन-चार पावलं, प्रत्येक बाजूला चार-पाच वेळा, मध्ये सैल लगामावर मोकळं चालणं किंवा लांब लगामावर गोलावर थोडी दुडकी. सगळं मिळून वीस मिनिटं. आठवड्यातून तीन दिवस. यापेक्षा जास्त केलं तर स्नायू दुखतात आणि पुढच्या वेळी घोडा लगाम पाहूनच अंग आवळतो.

ट्रॅव्हर्स

शोल्डर-इन दोन्ही बाजूंनी दहा-बारा पावलं शांतपणे मिळू लागली की मगच. इथे खांदे वाटेवर राहतात, पुठ्ठा आत येतो, आणि घोडा ज्या दिशेला चालतो तिकडेच वाकलेला असतो. बाहेरचा मागचा पाय आतल्याच्या पुढून ओलांडतो.

तुमची जागा बदलते. आता तुम्ही बाहेरच्या पुठ्ठ्याच्या मागे, कारण बाहेरच्या पायाला मागायचं आहे. कुंपणालगत तिथे तुम्हाला उभं राहायलाच जागा नसते, म्हणून ही चाल कुंपणापासून दोन मीटर आतल्या रेषेवर करा. रेतीत चुन्याची रेष मारून घ्या. दहा मीटरचा गोल पूर्ण होत आला, खांदे रेषेवर आले आणि पुठ्ठा अजून गोलावरच आहे, त्या क्षणी बाहेरचा लगाम पुठ्ठ्याच्या बाजूला टेकवा, बाहेरचा मागचा पाय उचलला जाताना. पुठ्ठा आत राहतो. दोन पावलं मिळाली तरी पुरे, सोडा.

खांदे पण आत येऊ लागले तर आतला लगाम जास्त आहे. घोडा सरळ होऊन तिरपा सरकू लागला तर वाक गेला. परत गोलावर या, वाक आणा, मग मागा. हाफ-पास म्हणजे तिरप्या रेषेवरचा ट्रॅव्हर्स. ट्रॅव्हर्स पक्का असेल तर त्याला वेगळं काही शिकवावं लागत नाही, फक्त रेष बदला आणि खांदे नेहमी पुठ्ठ्याच्या थोडे पुढे ठेवा.

इथली हवा, इथली जमीन

मार्च ते जून ठाणे खाडीच्या दोन्ही काठांना हवा इतकी दमट असते की घोड्याचा घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. काम सकाळी साडेसहा ते आठ. संध्याकाळी सहानंतरही जमीन तापलेली असते. विश्रांतीत घोड्याची नाडी मिनिटाला 28 ते 44 आणि श्वास 8 ते 16 असतात. तुमच्या घोड्याचे आकडे आठवडाभर मोजून लिहून ठेवा. काम संपून अर्धा तास झाला तरी ते खाली येत नसतील तर त्या हवेत काम जास्त झालं. धापा टाकतोय, अंग गरम आहे आणि तरी कातडी कोरडी, असं दिसलं तर लगेच सावलीत नेऊन सतत पाणी मारा आणि पशुवैद्याला बोलवा. अशा दमट हवेत काही घोड्यांचा, विशेषतः थरोब्रेडचा, घामच बंद होतो.

पावसाळ्यात मुरमाच्या जमिनीवर शेवाळ धरतं. सरळ चालताना घोडा त्यावर सांभाळतो, पण पाय ओलांडताना घसरला तर मांडीचा स्नायू ओढला जातो. टाप चार-पाच सेंटिमीटरपेक्षा खोल रुतत असेल अशा चिखलातही आडवी चाल नको. छपराखालची पंधरा मीटर लांबीची कोरडी जागा मिळाली तरी त्यात गोल आणि चार पावलं शोल्डर-इन होतं. वीस बाय चाळीसचं रिंगण नाही म्हणून काम थांबवायची गरज नाही. रोज तळखूर साफ करा. काळा, वास मारणारा मऊ भाग दिसला तर आधी तो बरा करा. दुखणाऱ्या खुरावर घोडा वजन घेणार नाही आणि तुम्ही लगामात चूक शोधत बसाल. लगाम ओलेच गुंडाळून ठेवले तर दोन दिवसांत बुरशी येते आणि शिलाई कुजते. रोलरच्या तंगाची शिवण दर आठवड्याला ओढून पाहा.

आवाजाचंही पाहावं लागतं. घोडबंदर रस्त्याच्या कडेच्या जागांवर ट्रकचे हॉर्न दिवसभर, आणि गणपतीच्या आधी दीड-दोन महिने संध्याकाळी मैदानांवर ढोल-ताशा पथकांचा सराव. लाँग रेनवरचा घोडा बिचकला तर त्याला आवरायला पाठीवर कुणी नसतं. फाटक बंद करूनच काम सुरू करा. पथकाचा सराव सुरू होण्याच्या वेळी नवीन काहीही मागू नका. घोडा सुटलाच तर लगाम सोडून द्या. चार मीटर सुती पट्टी मागे ओढत बंद रिंगणात पळणारा घोडा दोन फेऱ्यांत थांबतो, लोंबकळणाऱ्या माणसाला घेऊन पळणारा थांबत नाही.

पाठीवर स्वार

जमिनीवरून दोन्ही बाजूंनी शोल्डर-इन स्थिर झालं की हलका, संतुलित स्वार बसवा. पहिल्या दिवशी स्वाराने काही करायचं नाही, लगामही हातात घ्यायचा नाही. मानेला पट्टा बांधून तो धरायचा. घोड्याला नवीन आहे ते वजन, तेवढंच एका वेळी पुरे. खाली चालणारा नेहमीसारखं मागतो आणि 'आता' मोठ्याने म्हणतो, म्हणजे स्वाराला तो क्षण बैठकीत कसा लागतो ते कळतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी स्वार त्या शब्दासोबत आतली पोटरी हलकी टेकवतो. मग खालचा माणूस स्पर्श कमी करत जातो, एक दिवस फक्त शब्द उरतो, आणि त्यानंतर शब्दही स्वारच मनात म्हणतो. लाँग रेन तेव्हा काढून टाका. दोन जोड लगाम दोन माणसांच्या हातात फार दिवस ठेवले तर घोड्याला कुणाचं ऐकायचं ते कळेनासं होतं.